शिबिराच्या दिवशी सुट्टी, आणि हजेरी तेवढी लावजा

पूर्व विदर्भातल्या एका तालुक्यातून आलेलं हे पत्र. लिहिणारे ४६ वर्षांचे, गिट्टी क्रशरवर, म्हणजे दगड फोडून खडी करायच्या प्लँटवर, चौदा वर्षांपासून मुन्शी आहेत; हजेरी-हिशेब ठेवतात. नाव-गाव गाळलं आहे, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मजकूर थोडक्यात असा :

‘प्लँटवर ३८ माणसं आहेत, त्यांत नऊ बाया. दहा-बारा जण छत्तीसगड नि बालाघाटकडचे, बाकी आजूबाजूच्या गावांतले. मागच्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून माणसं आली. धुळीत काम करणाऱ्यांना टीबीचा धोका जास्त, म्हणून प्लँटवरच शिबिर घेऊ, हातात धरायचं एक्स-रे मशीन आणू, म्हणाले. मला कामगारांची यादी मागितली. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, “घ्या ना शिबिर. पण जो निघेल त्याचा हिशेब करून त्याला मोकळा करा. माझ्या प्लँटवर टीबी आहे असं गावभर नको.” ही गोष्ट कामगारांपर्यंत पोचली. आता जो तो तोंड फिरवून खोकतो. माझ्याच गावचा एक पोरगा आहे, मीच त्याला कामावर लावलं. जबड्यावर, दगड फोडणाऱ्या मशीनच्या तोंडाशी, दगड ढकलायचं काम करतो. महिना झाला खोकतोय, पँट सुतळीनं बांधून येतो. परवा मी बसतो त्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “मुन्शीजी, शिबिराच्या दिवशी मले सुट्टी देऊन टाका. हजेरी तेवढी लावजा.” घरी बायको, दोन लेकरं, म्हातारी आई. सुट्टी दिली तर बाकीच्यांशी बेइमानी, शिबिरात बसवलं तर त्याच्या पोटावर पाय. मालकाला आधीच सांगून टाकू का? याआधीही दोघं-तिघं असेच खोकत गावी गेले, परत आले नाहीत. मला स्वतःला काही नाही. धुळीचा ठसका आहे तेवढा, आणि दोन वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे. काय करू, ताई?’

भाऊ,

त्याला सुट्टी देऊ नका. शिबिरातही बसवू नका. सोमवारी सकाळी त्याला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा.

मुळात शिबिर त्याच्यासाठी नाहीच. ज्यांना काही त्रास नाही, किंवा आहे पण तो त्रास वाटत नाही, अशांना शोधायला शिबिर असतं. ज्याला महिनाभर खोकला आहे, ज्याची पँट कमरेवर राहत नाही, त्याला शोधायचं काय राहिलंय? तुम्ही त्याला पाहिलंच आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, भूक मरणं, बेडक्यात रक्त. यातलं काहीही असेल तर मशीन गावात यायची वाट पाहत बसायचं नसतं. शिबिराची तारीख पुढे ढकलली, मशीन दुसऱ्या तालुक्यात गेलं, पाऊस आला, असं काहीही होऊ शकतं. तोवर तो रोज जबड्यावर उभा, आणि रात्री दोन लेकरांच्या शेजारी झोपलेला.

रुग्णालयात थुंकीची तपासणी फुकट आहे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट नावाचं मशीन असतं. जंतू आहे का, आणि असेल तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, दोन्ही त्यातून काही तासांत कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापेक्षा ते भरवशाचं. तिथे मशीन नसेल तर नमुना जिथे आहे तिथे पाठवतात. ‘थुंकी मशीनवर लावा’ एवढं मात्र आठवणीनं म्हणा. त्या दिवशीची त्याची हजेरी कशी लावायची ते मी सांगायला नको. तुम्ही चौदा वर्षं मुन्शी आहात.

आता त्याच्या पोटावर पाय यायची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या मूळ पत्रात ‘निघाला’ हा शब्द सहा वेळा आलाय. ‘कुणी निघाला तर’, ‘जो निघेल तो’. झडतीत माल निघावा तसा. मालकांनी तो शब्द वापरला, मग तुमच्या तोंडी बसला, आणि आता ३८ माणसं स्वतःच्याच छातीतला माल लपवत फिरताहेत. तुमच्या पेचातलं सगळं या एका गृहीतावर उभं आहे : ज्याला टीबी आहे त्याला कामावरून जावंच लागतं. खरंच जावं लागतं का?

आमच्या घरात एक पेला होता. स्टीलचा, गळ्याला सुतळी बांधलेला. काका धानाच्या गिरणीवर हमाल होते, त्यांना टीबी झाला तेव्हा मी सातवीत होते. त्यांचा पेला चुकून दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून आईनं ती सुतळी बांधली होती. तो खिडकीत पालथा ठेवलेला असे. मीही तो चिमट्यानं उचलायचे, आणि काका ते पाहायचे. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये जगापुढे ठेवला. आमच्या घरातली सुतळी त्यानंतर शंभर वर्षांनी बांधली गेली. पेल्यातून, ताटातून, टॉवेलातून, हातात हात दिल्यानं टीबी होत नाही. तो हवेतून होतो. आजारी माणूस खोकतो, बोलतो, त्यातून सूक्ष्म थेंब हवेत राहतात, आणि बंद जागेत तासन् तास त्याच हवेत श्वास घेणाऱ्याच्या छातीत जातात. काका ज्या पोत्यांच्या गोदामात इतर हमालांबरोबर झोपायचे, त्याची खिडकी मात्र कुणी उघडली नाही.

म्हणून भाऊ, क्रशरवर टीबी कुठून पसरू शकतो हे शोधायचं असेल तर जबड्याकडे पाहू नका. तिथे वारा आहे. बाहेरगावच्या पोरांची टिनाची खोली पाहा. एका खोलीत किती झोपतात? हिवाळ्यात झरोक्यात पोतं कोंबलेलं असतं का? पिकअपच्या मागे ताडपत्री बांधून किती जण येतात-जातात? आणि आणखी एक जागा आहे, तिच्याकडे शेवटी येते.

‘आजारी माणसाला दूर काढलं की बाकीचे वाचले’ ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. टीबी म्हटलं की आमच्या पिढीला नागपूरच्या मेडिकलचा टीबी वॉर्डच आठवायचा; माणूस तिकडे नेला की गावाला हायसं वाटायचं. पण १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. अर्ध्या रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषध दिलं, अर्ध्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. घरच्यांना झालेली लागण बहुतांशी आजार कळायच्या आधीचीच होती. या अभ्यासानंतर जगभर टीबीचे उपचार घरी होऊ लागले. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत आजार पसरवण्याची ताकद झपाट्यानं उतरते. ज्याचं निदान झालंय आणि जो गोळ्या घेतोय, तो तुमच्या प्लँटवरचा सगळ्यात कमी धोक्याचा खोकणारा माणूस. तोंड फिरवून खोकणारे बाकीचे जास्त धोक्याचे.

याचा अर्थ त्यानं उद्यापासून परत दगड ढकलावे असा नाही. सुरुवातीला त्याला विश्रांती लागेल. किती, ते डॉक्टर ठरवतील. उपचार साधारण सहा महिन्यांचा : दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या वजनाप्रमाणे, रोज, फुकट. लघवी नारिंगी होते. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्याच दिवशी गोळ्या नाल्यात जातात.

आणि तो परत आला की धुळीतून बाहेर काढा. गेटवर बसवा, डिझेलच्या नोंदीला बसवा, काहीही करा. कारण त्याचा खोकला टीबीचाच असेल असंही मी धरून चालत नाही.

थोडं दगडाबद्दल बोलू. यवतमाळ, अमरावती, बुलढाण्याकडे क्रशरवर फुटतो तो बहुतेक काळा पाषाण, लाव्हारसाचा. त्यात मोकळी सिलिका कमी. तुमच्याकडे वैनगंगेच्या बाजूला दगड वेगळा, जुना : ग्रॅनाइट, पट्ट्यापट्ट्यांचा नाईस, कुठे क्वार्ट्झाइट. उन्हात धरला की चमकतो तो. ती चमक म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजेच सिलिका. तो जबड्यात फुटला की त्याची जी धूळ उडते, तिच्यातली डोळ्यांना दिसते ती नाकात, घशात अडकते. छातीच्या तळाशी जाते ती दिसतच नाही. वर्षानुवर्षं ती साचली की फुप्फुसात गाठी होतात, माणसाला दोन पायऱ्यांत धाप लागते. हा सिलिकोसिस. याला औषध नाही. आणि सिलिका फुप्फुसातल्या राखणदार पेशींनाच निकामी करते, त्यामुळे टीबीचा जंतू आला की त्याला दार उघडंच. नुसती धूळ, नुसता टीबी, किंवा दोन्ही एकदम, असं तीन प्रकारे तुमचा माणूस खोकू शकतो.

गंमत म्हणावी तर वाईट गंमत अशी की एक्स-रेवर हे दोन आजार पुष्कळदा एकमेकांसारखे दिसतात. त्यामुळे सिलिकोसिसचे कित्येक रुग्ण टीबीच्या गोळ्यांचे कोर्स वर कोर्स घेतात, बरे होत नाहीत, आणि ‘यानं गोळ्या नीट घेतल्या नसतील’ असा ठपका घेऊन मरतात. शिबिरात कुणाच्या एक्स-रेवर डाग दिसला तर थुंकीची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगा : ‘हा इतकी वर्षं क्रशरवर आहे.’ रुग्णालयाच्या चिठ्ठीवर व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ लिहिलं जातं आणि विषय संपतो. धान कापणं ही मजुरी, दगड फोडणंही मजुरी. फुप्फुसाला मात्र फरक कळतो.

म्हणूनच धुळीतल्या कामगारांना लक्षणं असोत-नसोत, सगळ्यांनाच तपासावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ठामपणे सांगितलं आहे. ‘मला खोकला नाही, माझा एक्स-रे कशाला?’ असं कुणी म्हणेल. त्याला सांगा, २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीची पाहणी झाली, त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक जण केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसतं ‘खोकला आहे का, ताप आहे का’ विचारून भागवलं असतं तर ते निसटले असते. आणि प्लँटवर, जिथे ‘हो’ म्हणणाऱ्याची नोकरी जाते, तिथे किती निसटतील याचा अंदाज तुम्हीच करा.

त्या सूचनेत एक शब्द आहे, तो तुमच्यासाठी मोलाचा : आजी आणि माजी कामगार. तुम्ही सहज लिहून गेलात, ‘दोघं-तिघं असेच खोकत गावी गेले, परत आले नाहीत.’ ते कुठे आहेत? काम सुटलं म्हणून धूळ छातीतून निघून जात नाही. सिलिकेनं वाढलेला टीबीचा धोका काम सोडल्यावरही राहतो. आरोग्य केंद्राच्या माणसाकडे त्यांची नावं नाहीत. मालकाला ती आठवणारही नाहीत. ती तुमच्या कपाटात आहेत, चौदा वर्षांच्या हजेरी रजिस्टरांत. अमुक तारखेपासून रकान्यात ‘गै’, ‘गै’, ‘गै’, आणि मग पुढच्या महिन्यात नावच नाही. एका रविवारी ती रजिस्टरं काढून बसा. गिट्टी वाहणाऱ्या बायाही त्यात आल्या. ‘बाळंतपणासाठी गेली’ म्हणून सोडलेली प्रत्येक जण बाळंतपणासाठीच गेली होती का? नावं आणि गावं एका कागदावर उतरवा आणि त्या त्या गावच्या आशाताईपर्यंत पोचतील असं पाहा. तुम्ही तुमचा पेच एका पोराच्या एका दिवसाच्या हजेरीचा समजताय. मला तो त्या कपाटाएवढा दिसतो.

आता मालक.

त्यांना त्या पोराचं नाव सांगू का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. आजार त्याचा, छाती त्याची. सांगायचं की नाही हे तो ठरवेल. पण मालकांशी बोलायला तर लागेलच, आणि यादी द्यायच्या आधी. नीतीच्या गोष्टी नका सांगू. तेही हिशेबाचे, तुम्हीही. हिशेबच मांडा. जो निघाला त्याला काढला, समजा. तो काय घरी बसेल? पुढच्या क्रशरवर लागेल, तिथे आजार लपवेल, गोळ्या सोडेल. इकडे उरलेले सदतीस जण शिकतील की खोकला मालकापासून लपवायचा. वर्षभरात आणखी दोघं पडतील, नवीन माणूस जबड्यावर तयार होईपर्यंत बेल्ट किती दिवस बंद राहतो ते तुम्हाला माहीत आहे. आणि ‘या प्लँटवर टीबी झाला की हाकलतात’ हेही गावभर होतंच की. झालंच आहे.

मग त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं. आजार निघाला तरी नाव रजिस्टरवर राहील, डॉक्टरांनी फिट म्हटलं की माणूस परत येईल आणि धुळीबाहेरचं काम मिळेल, हे मुख्य. निकाल ज्याचा त्याच्या हातात. मालकांना हवाच असेल तर फक्त आकडा. तपासणीचा वेळ हजेरीत धरायचा. हे त्यांनी स्वतः, कामगारांपुढे, शिबिराच्या आधी बोललं पाहिजे. तुम्ही सांगितलेलं चालणार नाही, भाऊ. राग मानू नका, पण ‘हिशेब करून मोकळा करा’ हे मालकांचं वाक्य ज्या तोंडून अमलात येतं, ते तोंड तुमचंच आहे, आणि कामगारांना ते ठाऊक आहे.

मालकांना मोठेपणा हवा असेल तर तोही मिळतो. सरकारच्या टीबी कार्यक्रमात ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवून रुग्णांना महिन्याचा पोषण आहार देता येतो. डाळ-तेल देतानाचा फोटो त्यांना काढायचा असेल तर पिशव्यांचा काढू द्या, रुग्णाचा नको.

कायद्याचं थोडक्यात. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर टीबीसाठी दीर्घ आजारपणाचा लाभ आहे : काही अटी पूर्ण झाल्या तर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के. आजारपणाचा लाभ चालू असताना माणसाला कामावरून काढता येत नाही. सिलिकोसिस हा सरकारला कळवलाच पाहिजे अशा व्यावसायिक आजारांत मोडतो आणि नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीतही तो आहे. ईएसआय कापलाच जात नसेल, आणि बहुतेक क्रशरवर अर्धी माणसं ठेकेदाराच्या वहीतच असतात, तर हा परिच्छेद मालकांना वाचून दाखवू नका, ते आणखी घाबरतील. कामगार कार्यालयात चौकशी वेगळी करा.

आणि ते ऐकलेच नाहीत तर? तुमचीही नोकरी आहे, तुमच्याही घरी चूल आहे. एकट्यानं अंगावर घेऊ नका. आरोग्य केंद्राच्या माणसांना खरं काय ते सांगा : ‘मालक काढून टाकीन म्हणतात, म्हणून माणसं येणार नाहीत.’ हे त्यांना कळलं पाहिजे, कारण त्यांना वाटतंय यादी मिळाली की काम झालं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी एक फोन केला तर मालकांचा सूर बदलतो, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. तेही नाही जमलं तर शिबिर प्लँटवर नकोच. गावात, शाळेच्या वऱ्हांड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावासाठी घ्या. तुमची माणसं त्यांत गावकरी म्हणून बसतील. प्लँटवर घेतलेल्या शिबिरापेक्षा ते थोडं ढिसाळ होईल, बाहेरगावचे दोन-चार सुटतील. पण नोकरीच्या हमीशिवाय प्लँटवर घेतलेल्या शिबिरापेक्षा मला ते शंभरदा चालेल. हमी नसताना यादी देऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

बाहेरगावच्या पोरांचं वेगळं पाहावं लागेल. त्यांच्यापैकी कितींनी आधारला, बँकेला, ठेकेदाराला तुमचाच मोबाईल नंबर दिलाय? माझा अंदाज, निम्म्यांनी. म्हणजे उद्या उपचाराचा मेसेज तुमच्या फोनवर येणार, आणि तो काट्यावर ट्रक ड्रायव्हरच्या हातात पडलेला असणार. नोंदणीच्या वेळी ज्याचा त्याचा नंबर, नाहीतर घरच्या कुणाचा, लिहून घ्यायला लावा. बँकेचं खातंही ज्याचं त्याचंच हवं. उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. रक्कम कधी कधी अडकते, उशिरा येते, पण येते. एकदा नाव निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, चढलं की क्रमांक मिळतो आणि तो दाखवून दुसऱ्या राज्यातही औषध चालू ठेवता येतं. तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवायला सांगा. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा फुकट नंबर आहे.

मुद्दाम सांगते, कारण माझे काका इथेच फसले. तिसऱ्या महिन्यात त्यांना बरं वाटू लागलं, खोकला गेला, जेवण वाढलं. रोवणीचे दिवस आले आणि ते बांधीत उतरले. गोळ्यांसाठी दर आठवड्याला तालुक्याला जायचं राहिलं. दिवाळीनंतर मंडईच्या गर्दीत त्यांना पुन्हा खोकला आला तेव्हा रुमाल लाल झाला. तुमच्याकडचे पोरंही होळीला, रोवणीला, दिवाळीला गावी जातात. जायच्या आधी पुढच्या महिन्याच्या गोळ्या हातात आहेत ना, एवढं विचारणं मुन्शीच्या कामात बसतं.

शिबिराच्या दिवसाबद्दल दोन-तीन बारीक गोष्टी. एक्स-रेला भिऊ नये. किरणं फार थोडी असतात, फक्त गरोदर बाईनं आधी सांगावं. बायांसाठी आडोसा आणि बाई कर्मचारी आहे का, आधी विचारून घ्या. नाहीतर नऊच्या नऊ बाया ‘आम्हाले काही नाही’ म्हणून गिट्टीकडे परत जातील. आणि खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा. थुंकीचा नमुना द्यायच्या आधी तोंड खळखळून धुवायला लावा, खर्रा बंद. डबीत लाळ नको; खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा, आणि तो काढायचा उघड्यावर, माणसांपासून लांब. खर्र्याचं मला दुसऱ्याच कारणानं वाईट वाटतं. ज्याची थुंकी दिवसभर लालच असते, त्याला तिच्यात रक्त आलं हे कळणार कधी?

धुळीवरही पाणी मारा. जबड्यावरचे फवारे आहेत, पण जाळी जाम होते म्हणून बंद ठेवलेत, असंच असेल ना? ते सुरू करण्याचा आग्रह धरा. तोंडाला बांधलेला दुपट्टा ती बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क बऱ्यापैकी अडवतो. पण उन्हाळ्यात आठ तास तो कोण लावणार, हे मलाही कळतं. म्हणून धूळ उडतानाच दाबलेली बरी.

त्या पोराला टीबी निघालाच तर त्याच्या घरच्यांची तपासणी लगेच होईल. आजार नसेल तर होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळतं. लेकरं लहान असतील तर त्यात उशीर नको. हे त्याला सोमवारी जातानाच सांगा. ‘नोकरीसाठी तपास’ म्हटलं तर तो येणार नाही. ‘लेकरांसाठी चल’ म्हटलं तर येईल.

राहिली ती जागा, जिच्याकडे शेवटी येते म्हटलं होतं : काट्याची केबिन. धूळ येऊ नये म्हणून काच बंद, दार बंद, आत एक पंखा. दिवसभरात ट्रकवाले, ठेकेदार, उचल मागायला आलेले मजूर, सगळे त्या डब्यात उभे राहून बोलतात. तो पोरगाही तिथेच खोकत उभा होता. आणि खुर्चीवर चौदा वर्षं बसलेला माणूस शुगरची गोळी घेतो, ज्या आजारानं टीबीचा धोका दोन ते तीन पट होतो, आणि स्वतःच्या खोकल्याला ‘धुळीचा ठसका’ म्हणतो. आरोग्य केंद्रानं यादी मागितली तेव्हा तुम्ही ३८ नावं मोजलीत. एकोणचाळिसावं घाला, सगळ्यात वर. मुन्शी पहिला मशीनपुढे उभा राहिला तर बाकीचे येतील.

तेही शिबिराचं झालं. ठसका किती दिवसांचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. सोमवारी रुग्णालयात थुंकीच्या डब्या द्यायला लागतील तेव्हा दोघांसाठी मागा.